केलने परीक्षा सोडली, ते बरोबर होतं का? (टॅमोरा पिअर्स यांचं ‘पेज’)

रानजाई

आधीच सांगते, खाली पुस्तकाचा शेवट फोडला आहे. वाचायचं असेल त्यांनी इथूनच परत फिरा.

लेक बारा वर्षांची आहे. दिवाळीत तिच्या आत्याने ‘प्रोटेक्टर ऑफ द स्मॉल’ मालिकेचे चारही भाग पाठवले. रात्री ओटा आवरून झाला की मी तिच्याशेजारी बसते. एक प्रकरण ती मोठ्याने वाचते, एक मी. पहिला भाग ‘फर्स्ट टेस्ट’ आठवड्यात संपला. दुसरा, ‘पेज’, काल संपला आणि तेव्हापासून घरात वाद चालू आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टॉर्टाल राज्यात मुलींना नाइट, म्हणजे घोड्यावरून लढणारा सरदार, होण्याची मुभा देणारा कायदा होऊन दहा वर्षं झाली, तरी एकही मुलगी पुढे आलेली नाही. मिंडेलन घराण्यातली केलाद्री, म्हणजे केल, दहाव्या वर्षी येते. मुलांना शिकवणारा लॉर्ड वायल्डन तिला ‘एक वर्ष बघू, मग ठरवू’ या अटीवर घेतो. मुलांपैकी कुणालाही अशी अट नाही. पहिल्या भागाच्या शेवटी ती टिकते. नाइट होण्याआधी चार वर्षं ‘पेज’ म्हणून शिकायचं असतं. ‘पेज’मध्ये त्यातली उरलेली तीन वर्षं आणि शेवटी मोठी परीक्षा.

नेमकी परीक्षेच्या दिवशी तिची दासी लालासा हिला कुणीतरी पळवून राजवाड्यातल्या सगळ्यात उंच बुरुजावर नेऊन ठेवतं. केलला उंचीची भयंकर भीती, कारण लहानपणी मोठ्या भावाने तिला उंचावरून बाहेर लटकावलं होतं. तरी ती जाते, लालासाला सोडवते आणि परीक्षा बुडते. नियम असा की परीक्षा बुडाली तर चारही वर्षं पहिल्यापासून.

माझं म्हणणं असं की तिने कुणाला तरी पाठवायला हवं होतं. तिच्या मागे येणाऱ्या सगळ्या मुलींची वाट तिच्यावर अवलंबून होती. लेक म्हणते, “आई, मग ती नाइट कशाला होतेय?” आणि पांघरूण ओढून झोपली. तुम्हाला काय वाटतं?

कोकणकडा

शीर्षकात ‘पेज’ वाचून मी धावत आलो. मला वाटलं उकड्या तांदळाची पेज, वर तूप, बाजूला खारातली मिरची. इथे तर घोडे आणि तलवारी निघाल्या. आता आलोच आहे तर वाचतो.

अबोली_फुले

कोकणकडा, पेज मिळेपर्यंत बसा.

रानजाई, मी तुमच्या लेकीच्या बाजूने. पाठवायचं म्हणजे कुणाला? लालासा मुळात केलकडे का आली ते आठवा. ती दासी म्हणून एकटीदुकटी, राजवाड्यात तिला कुणीही धरावं, ओढावं अशी अवस्था. विन्सन नावाचा एक मुलगा तिच्या अंगाशी येतो तेव्हा केल त्याला रोखते आणि तक्रार करू म्हणते. लालासा हातापाया पडते की नको, कारण तिला पक्कं ठाऊक आहे की मोठ्या घरच्या मुलाविरुद्ध मोलकरणीचं कुणी ऐकणार नाही. हे सगळं बघितलेली केल परीक्षेच्या दिवशी कुणाच्या भरवशावर तिला सोडणार होती?

मला या पुस्तकातला सगळ्यात आवडलेला भाग बुरुजाचा नाही. केल लालासाला हात सोडवून घ्यायला शिकवते, कुणी मागून धरलं तर काय करायचं ते दाखवते, तो आहे. लालासा आधी घाबरते, मग हळूहळू शिकते आणि मग आपल्या मैत्रिणीलाही शिकवते. तिथे मी पुस्तक मिटून पाच मिनिटं बसले होते.

शब्दवेडा

मला ‘पेज’ मालिकेतला सगळ्यात कच्चा भाग वाटतो. ‘फर्स्ट टेस्ट’मध्ये एकच वर्ष आणि ‘ठेवतील की काढतील’ हा ताण पानापानावर. इथे तीन वर्षं सव्वादोनशे-अडीचशे पानांत कोंबली आहेत. उन्हाळा आला, छावणी झाली, हिवाळा आला, मारामारी झाली, वर्ष संपलं. हजेरीपट वाचल्यासारखं होतं. परीक्षा बुडण्याचं तर काही वाटतच नाही, कारण पुढच्या पुस्तकाचं नावच ‘स्क्वायर’, म्हणजे पेजच्या वरची पायरी, आहे. मग ती नापास कशी होणार?

रानजाईंच्या प्रश्नावर: तिने केलं ते बरोबरच. पण लेखिकेने तिला त्याची किंमत मोजू दिली नाही. गुन्हा घडला म्हणून तिची वेगळी परीक्षा घेतली आणि ती पास. आयुष्यात असं कुणी आपल्यासाठी वेगळं टेबल मांडत नाही.

दूरदेशी

शब्दवेडा यांच्या शेवटच्या वाक्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बारावी, फिजिक्सचा पेपर. सायकलवरून निघाले होते. चौकात एका आजींना स्कूटरने उडवलं आणि स्कूटरवाला थांबलाही नाही. लोक जमले, पण हात कुणी लावेना. मी आणि एका भाजीवालीने त्यांना रिक्षात घातलं. आजींचा हात माझ्या मनगटावर इतका घट्ट होता की दवाखान्यात नर्सने बोटं एकेक करून सोडवली. केंद्रावर पोचले तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. आत घेतलं नाही. ऑक्टोबरला तो पेपर पुन्हा दिला आणि इंजिनिअरिंगचं ते वर्ष गेलं.

आज अठ्ठावीस वर्षांनी न्यू जर्सीत बसून मुलीबरोबर हे पुस्तक वाचलं. मला ती वेगळी परीक्षा खोटी वाटली नाही. मला ती हवी होती. कुणीतरी म्हणायला हवं होतं की तुझी चूक नव्हती, बस, पेपर सोडव. गोष्टीत केलला ते मिळालं म्हणून मला बरं वाटलं. शब्दवेडा, आणखी एक. वेगळी परीक्षा मिळेल हे केलला माहीत नसतं. तिने मनाशी ठरवलेलं असतं की चार वर्षं पुन्हा करायची. किंमत तिने तिथेच मोजली.

शब्दवेडा

दूरदेशी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. चार वर्षं पुन्हा करायची तिची तयारी मी वाचताना हलक्यात घेतली होती. हे पटलं. तीन वर्षं कोंबली आहेत, हे मात्र अजूनही म्हणतो.

रानजाई

दूरदेशी, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. तिने एकच विचारलं, “आजी वाचल्या का?”

दूरदेशी

वाचल्या. त्यांच्या सूनबाई नंतर पेढे घेऊन आमच्या घरी आल्या होत्या.

लाठीवाली

मी कोल्हापूरची. लहानपणी तालमीत मर्दानी खेळ शिकले, म्हणून या मालिकेतली शस्त्रं मला जवळची वाटतात.

केल जपानसारख्या दिसणाऱ्या यामानी बेटांवर सहा वर्षं राहून आलेली असते, तिचे वडील तिथे राजदूत. तिथे बायका लांब दांड्याचं, टोकाला वळणदार पातं असलेलं शस्त्र चालवतात. लेखिकेने हे हवेतून काढलेलं नाही. जपानमध्ये नागिनाता हे सरदार घराण्यातल्या स्त्रियांचं शस्त्र होतं. १८६८ मध्ये आइझूच्या लढाईत नाकानो ताकेको ही तरुणी नागिनाता घेऊन बायकांच्या तुकडीच्या पुढे लढली आणि तिथेच गोळी लागून गेली. केल रोज पहाटे सगळ्यांच्या आधी उठून हेच शस्त्र घुमवते. मुलांना ते विचित्र वाटतं, पण तिचं अंग त्यावर तयार झालेलं असतं.

लांब दांड्याची गंमत अशी की ताकद मनगटात नसते. लाठी फिरवताना मागचा हात चालवतो, पुढचा फक्त वाट दाखवतो. कंबर वळली नाही तर दांडा लटपटतो. दांडपट्ट्याची मूठ हाताला कोपराजवळपर्यंत झाकते, मनगट वळतच नाही, म्हणून सगळा वार खांद्यातून आणि पायांतून. पहिले सहा महिने आमच्या वस्तादांनी पट्ट्याला हात लावू दिला नाही. नुसते पवित्रे. मांड्या इतक्या दुखायच्या की जिना बसत बसत उतरायचे.

म्हणून पहिल्या भागातला शिसं भरलेल्या भाल्याचा प्रसंग मला खरा वाटला. कुणीतरी खोडसाळपणे तिच्या सरावाच्या भाल्यात शिसं भरलेलं असतं. ते कळल्यावरही केल तक्रार न करता तोच भाला वापरत राहते, म्हणजे साधा भाला नंतर काडीसारखा वाटेल. आमच्याकडेही मुलं जाणूनबुजून जड लाठीवर हात बसवतात.

तळ्यात_मळ्यात

माझा आवडता कुत्रा जंप. दिसायला कुरूप, कान फाटका, स्वयंपाकघरात चोऱ्या करणारा. केल त्याला दुसरीकडे पाठवायचा प्रयत्न करते, तो परत येतो. आणि तो घोडा पीचब्लॉसम, जो केल सोडून सगळ्यांना चावतो! आमच्या सोसायटीत असाच एक बोका आहे, फक्त वॉचमनकाकांचं ऐकतो.

आणि केलचा मित्र नील. एवढा कविता म्हणणारा, शब्दाला शब्द भिडवणारा पोरगा आणि भाज्या खात नाही! केल त्याच्या ताटावर नजर ठेवून असते. आमच्या पोराला मी आता “नील, भाजी” एवढंच म्हणते, तो दोडका गिळतो.

आजोबा_वाचतात

नातवाने हा धागा दाखवला. पुस्तक मी वाचलेलं नाही, तरी शब्दांविषयी लिहितो.

युरोपात सरदाराचा मुलगा साधारण सातव्या वर्षी दुसऱ्या सरदाराच्या घरी ‘पेज’ म्हणून जाई. पानं वाढणं, निरोप नेणं, रीतभात आणि घोड्यावर बसणं तिथे शिके. चौदाव्या वर्षाच्या सुमारास ‘स्क्वायर’ होऊन एका नाइटची शस्त्रं आणि घोडा सांभाळी. एकविसाव्या वर्षाच्या आसपास नाइट. मराठीत हे आणायचं तर ‘पेज’ला हुजऱ्या चालेल का? अर्ध्यापुरतं चालेल, कारण हुजऱ्या पुढे सरदार होतोच असं नाही. ‘नाइट’ला मात्र आपल्याकडे जवळचा शब्द आहे, शिलेदार. स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं आणून चाकरी करतो तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. तुमच्या गोष्टीतल्या मुलीचा चावरा घोडा तिचा स्वतःचा असेल तर ती शिलेदारीण.

अबोली_फुले

आजोबा, शिलेदारीण! काय शब्द दिलात. पीचब्लॉसम तिचाच होतो, तो तिच्यावाचून जगणार नाही अशी वेळ येते म्हणून. केलच्या जगात वयं थोडी वेगळी आहेत. दहाव्या वर्षी पेज, चौदाव्या वर्षी स्क्वायर, अठराव्या वर्षी नाइट.

मी_मृदुला

मला एक अडचण विचारायची आहे. माझी मुलगी अकरा वर्षांची. ‘पेज’मध्ये केलला पाळी येते, आणि आई तिला गर्भ राहू नये म्हणून ताईत मिळवून देते, असं ऐकलं. अकराव्या वर्षी हे वाचायला द्यावं का? मी मागासलेली नाही, पण या वयात तो विषय निघाला तर मी काय बोलू ते मला सुचत नाही.

अबोली_फुले

मृदुला, अगदी द्या. त्यात चावटपणा काही नाही. लहानपणी मला हे शिवाशिवीच्या भाषेत कळलं. चार दिवस वेगळी चटई, वेगळं पाणी, लोणच्याला हात लावायचा नाही. का ते कुणी सांगितलं नाही, फक्त “आता मोठी झालीस”. केलच्या बाबतीत लेखिका दोन-तीन पानांत सांगून मोकळी होते. रक्त आलं, घाबरली, मोठ्यांनी समजावून सांगितलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तलवारीचा सराव. छाती वाढायला लागली तर धावताना बांधायचं कसं, हेही. ताईत म्हणजे ‘तुझ्या अंगाचं काय करायचं ते तू ठरव’ इतकंच. माझ्या मुलीने मला पुढचे प्रश्न स्वतःहून विचारले आणि आम्ही दोघी गॅलरीत शेंगा सोलता सोलता बोललो. कुणी शिकवून ते बोलणं झालं नसतं.

मी_मृदुला

शेंगा आणते.

खडकवासलाकर

धागा वर काढतोय.

मी एनडीएपासून, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीपासून, फार लांब राहत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसू द्यायचा अंतरिम आदेश दिला, २०२२ मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि ३० मे २०२५ ला १४८ व्या कोर्सच्या १७ मुली बाहेर पडल्या. शेवटी ‘अंतिम पग’ ही पायरी ओलांडतात तो क्षण आम्ही घरी टीव्हीवर पाहिला. माझी पुतणी परीक्षेची तयारी करते आहे. ती पुढे सरकून टीव्हीच्या काचेला नाक लावून बसली होती.

रानजाई, तुमचं म्हणणं मला त्या दिवसामुळे कळतं. पहिल्या मुलीवर नजर असते. तिचा पाय घसरला तर ‘मुलींना जमत नाही’ म्हणणारे तयार असतात. पण माझ्या पुतणीने हे पुस्तक वाचून जे सांगितलं ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ती म्हणाली, “काका, सापळा लावणाऱ्याला केल नीट माहीत होती. तिला उंचीची भीती आहे आणि ती लालासाला सोडणार नाही, या दोन्ही गोष्टींवर त्याने डाव रचला. पहिली गोष्ट त्याला चुकीची कळली.” वायल्डनने वर्षानुवर्षं तिला झाडांवर, भिंतींवर चढायला लावलेलं असतं. तेव्हा तो छळ वाटतो. बुरुजाच्या बाहेरच्या जिन्यावरून लालासाला घेऊन उतरताना तेच कामी येतं. भीती गेलेली नसतेच. पाय थरथरतात, ती एकेक पायरी उतरते.

शब्दवेडा

खडकवासलाकर, वायल्डनबद्दल आणखी थोडं. हा माणूस मला मालिकेत सगळ्यात चांगला रंगवलेला वाटतो. त्याला मुली नाइट व्हायला नको आहेत, हे तो लपवत नाही. पण तो खोटं वागत नाही. केल चांगली आहे असं दिसल्यावर ते पचवायला त्याला वेळ लागतो, आणि आपल्याला त्याच्या चेहऱ्यावर ते पचताना दिसतं. डोंगरातल्या दरोडेखोरांशी चकमक होते तेव्हा गटातला थोरला फॅलेरॉन गोठून उभा राहतो आणि केल सूत्रं हातात घेते. ती आरडाओरडा करत नाही. कुणी कुठे उभं राहायचं ते सांगते. त्या प्रसंगानंतर तिच्याकडे बघायची सगळ्यांची तऱ्हा बदलते.

बघा, मीच कच्चा भाग म्हणालो होतो आणि मीच लिहीत सुटलो आहे.

लाठीवाली

अलानाची आठवण कुणी काढली नाही अजून. याच लेखिकेच्या १९८३ सालच्या पहिल्या मालिकेत अलाना मुलाचा वेश घेऊन, ‘अलन’ होऊन नाइट होते. तिच्याकडे जादू आहे, देवीची कृपा आहे. केलकडे यातलं काही नाही. मी शाळेत असते तर अलानाच आवडली असती. चाळिशीत केल आवडते, कारण तिच्याकडे आहे तो फक्त रियाज. अलानाला केलच्या जवळ जायची मनाई असते, नाहीतर लोक म्हणतील हिने जादूने मदत केली. मग केलला कुणी निनावी माणूस भेटी पाठवतो, मलम काय, सुरी काय. कोण ते सांगत नाही, पुढच्या भागात कळेल.

तळ्यात_मळ्यात

सांगितल्यासारखंच झालं हो ताई!

लाठीवाली

अरेच्चा. माफी.

अबोली_फुले

मूळ प्रश्नाकडे येते. रानजाई, ‘स्क्वायर’ वाचलं की तुम्हाला या प्रश्नाचं दुसरं टोक दिसेल. लालासाला पळवण्यामागे कोण होतं ते उघड होतं, खटला चालतो आणि शिक्षा म्हणून दंड होतो. तो दंड मिळतो केलला! दासीला पळवलं म्हणजे मालकिणीची गैरसोय झाली, असा कायदा. जिचे हात बांधले तिच्या नावावर काही नाही. केलचा तिथे जो संताप होतो तो मी विसरू शकत नाही. ती थेट राजाकडे जाते, हा कायदा बदला म्हणून. बुरुजावर ती एका मुलीसाठी गेली होती. तिथे गेली नसती तर हा कायदा तिला दिसलाही नसता.

आमच्याकडे पंधरा वर्षं काम करणाऱ्या मावशींचा मोबाईल मागे चोरीला गेला. त्यांच्यासोबत तक्रार द्यायला गेले तर समोरच्या माणसाने सगळे प्रश्न मला विचारले. मोबाईल कुठला, कधी गेला, किंमत काय. मावशी बाजूच्या खुर्चीवर, पदर हातात धरून. मी म्हटलं, “त्यांना विचारा.” तरी त्याने मान माझ्याकडेच वळवली. ‘स्क्वायर’मधलं ते प्रकरण वाचताना मला ती खुर्ची दिसत होती.

लालासा पुढे कोरस शहरात स्वतःचं कपड्यांचं दुकान काढते. हे सांगून टाकते, कारण आनंदाची गोष्ट आहे.

कोकणकडा

सगळा धागा वाचला. पुस्तकही मागवलं. बायको म्हणते, उद्या पेज करते.

रानजाई

काल रात्री लेकीला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. अबोली, तुमच्या मावशींच्या खुर्चीपाशी ती गप्प झाली. मग उठून स्वयंपाकघरात गेली. आमच्याकडे सकाळी येणाऱ्या ताईंसाठी आम्ही कप वेगळा ठेवत नाही, पण तो शेवटच्या फडताळात मागे असतो. तिने तो काढून आमच्या कपांच्या रांगेत ठेवला. मी काही बोलले नाही.

माझा प्रश्न मी मागे घेते. कुणाला तरी पाठवायला हवं होतं असं मी म्हटलं, तेव्हा माझ्या डोक्यात लालासा नव्हतीच. परीक्षाच होती. लेकीच्या डोक्यात लालासा होती.

आता ‘स्क्वायर’ सुरू करतोय. तिचा एकच प्रश्न आहे, आणि तो तिने मला इथे लिहायला लावला आहे. जंप पुढच्या पुस्तकात येतो का? नसेल तर ती वाचणार नाही म्हणते.

तळ्यात_मळ्यात

येतो. केलच्या चिमण्याही येतात.